डोहाकाठी वडिलांना बसू द्या : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (लातूरहून एक वाचक) : माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियात अॅलिस स्प्रिंग्ज या गावी नर्स आहे. तीन वर्षं झाली वडिलांना या या म्हणतेय. वडील ७१ वर्षांचे, औसा तालुक्यात शेती, अजून रोज शेतात चक्कर असतेच. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे सपाटीला ठीक पण पायऱ्या उतरताना दुखतात. बहिणीला कामातून फिरायला म्हणून एकच दिवस मिळतोय. तिने वाळवंटातल्या लाल डोंगरांच्या घळी आणि त्यातले पाण्याचे डोह अशी सात ठिकाणांची यादी केलीय. वडील म्हणतात, "आपल्याकडं काय वाळवंट कमी हाय का, तिकडं कामून पैसे घालायचे?" कधी जावं, एका दिवसात काय काय होईल, आणि मुळात त्यांना हे आवडेल का?

उत्तर : दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आवडेल. तुमच्यापेक्षा जास्त आवडेल आणि तुमच्यापेक्षा जास्त कळेल. हे मी अंदाजाने सांगत नाहीये, २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी आमच्या आण्णांना घेऊन त्याच गावी गेले होते, माझा भाऊ तेव्हा तिथे नोकरीला होता. आमची शेती सेलूजवळ, दुधनेच्या काठी, आणि आण्णांचं पण अगदी हेच म्हणणं होतं की कोरडी नदी बघायला विमानाचं तिकीट कशाला काढायचं, ती तर घरामागं हाय.

पहिल्याच दिवशी सकाळी भावाच्या घरून चालत आम्ही टॉड नदीवर गेलो. ही नदी गावाच्या मधून जाते, पूल आहेत, फलक आहेत, फक्त पाणी नाही. वर्षातले बहुतेक दिवस नुसती रुंद वाळू. तिथले लोक म्हणतात की टॉड तीनदा वाहताना बघितली की तुम्ही इथलेच झालात. त्या वाळूत मधोमध मोठमोठी झाडं उभी आहेत, रिव्हर रेड गम म्हणतात, निलगिरीच्या जातीतलीच पण खोड एवढं जाड की दोघांच्या कवेत येणार नाही. मी फोटो काढत बसले आणि आण्णा एका झाडाच्या बुडाशी जाऊन वर बघत उभे राहिले, मग म्हणाले, "एवढं झाड कोरड्यात उभं राहत नसतंय बाबा, खाली पाणी हाय." आणि खरंच आहे ते, ही झाडं वाळूखालच्या ओलीवर जगतात, आणि त्या अख्ख्या गावाचं पिण्याचं पाणीसुद्धा जमिनीखालूनच येतं, खोल बोअर मारून. भावाला तिथे दोन वर्षं झाली होती, त्याला पण हे माहीत नव्हतं. त्या झाडाखाली आण्णांनी आम्हाला पूर्वी दुधनेच्या वाळूत झिरे कसे उकरायचे, वाटीने पाणी कसं भरायचं, पहाटे कोणाचा नंबर पहिला असायचा हे सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

आता माझी चूक सांगते, कारण तुमच्या बहिणीची यादी वाचून मला तीच आठवली. आमच्याकडे पण एकच दिवस होता आणि मी पण एकही ठिकाण सोडायचं नाही असं ठरवलं होतं. सिम्प्सन्स गॅप, स्टँडली कॅझम, एलरी क्रीक, सर्पंटाइन गॉर्ज, ओकर पिट्स, ऑर्मिस्टन, ग्लेन हेलन. प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरा, चाला, फोटो, परत चला. चौथ्या जागी आण्णा म्हणाले तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसतो. मला वाटलं थकले असतील. घरी आल्यावर रात्री जेवताना म्हणाले, "त्या मोठ्या डोहापाशी अर्धा घंटा तर बसू द्यायचं होतं." मोठा डोह म्हणजे एलरी क्रीक. आम्ही तिथे दहा-बारा मिनिटं थांबलो असू. एवढं लांब नेलं आणि पाण्यापाशी बसू दिलं नाही, ते मला अजून लागतं. दोन दिवसांनी भावाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही फक्त एलरीला परत गेलो, दुसरं काहीच नाही, तो दिवस चांगला गेला. तुमच्या बहिणीला दुसरी रजा मिळणार नाही असं दिसतंय, म्हणून पहिल्याच दिवशी नीट करा.

सातातली तीनच ठेवा : सिम्प्सन्स गॅप, ऑर्मिस्टन, एलरी. स्टँडली कॅझम सोडायला सांगतेय म्हणून बहीण रागावेल, कारण तिथे भर दुपारी सूर्य बरोबर वर आला की ऐंशी मीटर उंचीच्या दोन भिंती लालभडक पेटल्यासारख्या दिसतात आणि सगळे त्यासाठीच जातात. पण ती दुपारची एक वेळ गाठायची म्हणजे अख्ख्या दिवसाची घाई होते, शिवाय आत जायला सव्वा किलोमीटरच्या आसपास ओढ्याकाठची दगडगोट्यांची वाट आहे, जाऊन येऊन अडीच, आणि एवढं चालून तिथे बघायचा तो कातळ, पाणी थोडंच. तुमच्या वडिलांना पाणी दाखवा.

दिवस असा लावा. आठच्या आत निघा. गावापासून पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर सिम्प्सन्स गॅप, डोंगराच्या रांगेला मधेच पडलेली खिंड, पार्किंगपासून वाळूच्या नदीपात्राकडेने सपाट वाट आहे, तुमच्या वडिलांच्या गुडघ्यांना काही होणार नाही. सकाळी लवकर गेलात तर खिंडीच्या बाजूला दगडांच्या उतरंडीवर रॉक वॉलाबी दिसतात, कांगारूच्या जातीतलाच पण सशापेक्षा थोडा मोठा वाटावा असा प्राणी, दगडाच्याच रंगाचा, त्यामुळे आधी दहा मिनिटं काहीच दिसत नाही आणि मग एकदम चार दिसतात. इथे बोलणं हळू ठेवा. तिथल्या मूळ रहिवाशांचं, अरेर्न्टे लोकांचं या जागेला नाव आहे रुंगुटजिर्पा, त्यांच्या कथांमध्ये हे प्रचंड मोठ्या घोरपडींच्या पूर्वजांचं ठिकाण आहे. वडिलांना हे नक्की सांगा, घोरपड आपल्या बांधावरची, त्यांना ते परकं वाटणार नाही. आमचे आण्णा ऐकल्याबरोबर चप्पल काढून उभे राहिले होते, कोणी सांगितलं नव्हतं.

तिथून मधे कुठेही न थांबता थेट ऑर्मिस्टनला जा. गावापासून १३५ किलोमीटरच्या आसपास आहे, रस्ता शेवटपर्यंत डांबरी, साधी कार चालते, उगाच मोठी फोर व्हील गाडी भाड्याने घेऊ नका. या रस्त्याच्या पुढच्या भागाला नमाटजिरा ड्राइव्ह म्हणतात, अल्बर्ट नमाटजिरा या अरेर्न्टे चित्रकाराच्या नावाने. १९०२ चा जन्म, १९५९ ला गेले, याच डोंगरांची आणि पांढऱ्याफटक खोडाच्या घोस्ट गम झाडांची जलरंगातली चित्रं त्यांनी काढली. खिडकीतून बघताना हे सांगितलं तर दीड तासाचा प्रवास रिकामा जात नाही. लांबचं ठिकाण आधी करायचं कारण साधं आहे, परत येताना अंधार पडायला नको, संध्याकाळी रस्त्यावर कांगारू आणि मोकळी गुरं येतात, तिथे कुंपण सगळीकडे नाही. सहाच्या आत गाव गाठायचंच.

ऑर्मिस्टनला पार्किंगपासून डोहापर्यंत पाचेकशे मीटर चालायचं, बाजूला टॉयलेट आहे, बाकडी आहेत. डोह भरलेला असला की एका टोकाला १४ मीटरपर्यंत खोल असतो आणि मोठ्या दुष्काळातसुद्धा सहसा आटत नाही. वर घोस्ट गम लुकआउट म्हणून पायऱ्यांची वाट जाते, तिथे तुम्ही जाऊन या, वडिलांना आणि बहिणीला खाली सोडा. नर्सिंगच्या ड्युट्या करून करून बापाशी निवांत बोलायला तिला तरी कधी वेळ मिळणार आहे.

जेवण तिथेच करा आणि मग परतीच्या वाटेवर एलरी क्रीक. गाव इथून नव्वदेक किलोमीटर राहतं. गाडी लावली की पाच मिनिटांत पाणी. दोन बाजूंनी लाल कडे, मधे काळपट हिरवा मोठा डोह, अलीकडे वाळूचा काठ. इथे दोन तास ठेवा आणि त्या दोन तासांत काहीच ठरवू नका. घडीची खुर्ची न्या, ते वाळूतच बसतील ही गोष्ट वेगळी.

वडील तिथे एक प्रश्न विचारतीलच, सगळीकडे कोरडं ठक्क असताना इथेच पाणी कसं राहिलं, म्हणून उत्तर तयार ठेवा. अॅलिस स्प्रिंग्जला वर्षाला सरासरी २८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्या मराठवाड्याच्या निम्म्याहून कमी, आणि तो पण लहरी, कधी महिनोन्महिने थेंब नाही आणि कधी दोन दिवसांत सगळा. असा पाऊस पडला की उघड्या डोंगरावरून पाणी धाड्कन खाली येतं आणि रुंद पात्रातून त्या अरुंद खिंडीत घुसतं, तिथे त्याला जोर चढतो, तळ खरवडला जातो आणि खोल खड्डा पडतो. पूर ओसरतो, वाळूचं पात्र वाळून जातं, पण त्या खड्ड्यातलं पाणी उरतं, आणि दोन्हीकडच्या कड्यांची सावली पडत असल्यामुळे त्याची वाफ पण हळूहळू होते. दगड क्वार्ट्झाइट नावाचा, फार कठीण, लोखंडाच्या गंजामुळे लाल. हे डोंगर वर उचलले गेले त्याला तीस ते चाळीस कोटी वर्षं झाली, आपला काळा पाषाण त्यामानाने पोरगा, साडेसहा कोटी वर्षांचा. आणि नद्यांचं म्हणाल तर ऑर्मिस्टनच्या जवळून जाणारी फिंक नदी जगातल्या सगळ्यात जुन्या नद्यांपैकी एक मानतात, ती पण बहुतेक वेळ नुसती डोहांची माळ असते आणि शेवटी वाळवंटातच जिरते, समुद्र तिने बघितलेला नाही.

मी आण्णांना हे समजावून सांगत होते तर ते म्हणाले, "म्हंजी भोवऱ्यानं केलेलं कुंड. आपल्या नदीला बी होतं बंधारा व्हायच्या आदी." मी इंटरनेटवर वाचून गेले होते आणि त्यांना ते बघूनच कळलं होतं.

तुम्ही लातूरचे आहात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा तुमचे वडील साठीच्या अलीकडे-पलीकडे असतील, घागरी आणि टँकरचे ते दिवस त्यांना तारखेनिशी आठवत असणार. असा माणूस वाळवंटात मधेच भरलेला डोह बघतो तेव्हा त्याला जे वाटतं ते आपल्याला सांगून येत नाही, त्याला फक्त वेळ द्यावा लागतो.

कधी जावं, तर तिकडचा चांगला मोसम मे ते सप्टेंबर, तेव्हा त्यांचा हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत पारा सहज चाळिशी गाठतो, ७१ वर्षांच्या माणसाला त्या उन्हात नेऊ नका. पण मे-जूनचं नाव काढलंत तर वडील येणारच नाहीत, मृग निघायला शेतकरी विमानात बसत नसतो. सोयाबीनची पेरणी, कोळपणी, फवारणी उरकली की ऑगस्टचा पहिला पंधरवडा धरा आणि पोळ्याच्या आत परत आणा. ऑगस्टमध्ये तिथे दुपारी विशीच्या वर छान ऊन आणि पहाटे चार-पाच अंशांपर्यंत थंडी, म्हणून कानटोपी, स्वेटर, शाल तिघांना पण, आणि दुपारसाठी टोपी. माणशी चार-पाच लिटर पाणी गाडीत टाका, थंडीत तहान कळत नाही म्हणून आठवणीने प्यायला लावा. गाव सोडलं की मोबाईलची रेंज जवळपास संपते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्या आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते बहिणीच्या कोणा मैत्रिणीला सांगून निघा. बीपीची गोळी खिशात, बॅगेत नाही. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना तिथल्या सरकारी उद्यानांचा पास ऑनलाइन काढावा लागतो, तो आदल्या रात्रीच काढून ठेवा, रस्त्यात नेट मिळणार नाही.

एक गोष्ट पोरांना पण सांगा आणि स्वतः पण पाळा, तिथून एक खडा सुद्धा उचलायचा नाही. गावाबाहेर पडल्या पडल्या जॉन फ्लिन यांची समाधी लागते, १९२८ साली ज्यांनी विमानातून डॉक्टर पोचवायची सेवा सुरू केली ते. दूर दूर एकेकट्या वस्त्यांवर राहणाऱ्या माणसांसाठी केवढं मोठं काम. तर त्या समाधीवर आधी एक प्रचंड गोल शिळा आणून ठेवली होती, ती आणली होती मूळ रहिवाशांच्या एका पवित्र जागेवरून, न विचारता. त्या लोकांनी बरीच वर्षं मागणी केली, शेवटी १९९९ ला ती शिळा परत गेली आणि अरेर्न्टे लोकांनी आपल्याकडची दुसरी शिळा समाधीसाठी दिली. मला ही गोष्ट सगळ्या सहलीत सर्वात मोठी वाटली, गाडी दोन मिनिटं थांबवून वडिलांना सांगा.

आणि पैशांवरून वाद घालू नका. "तुम्हाला फिरवायला नेतोय" असं म्हणूच नका, त्याने ते आणखी अंग काढतात. बहिणीला फोनवरून टॉड नदीचा व्हिडिओ पाठवायला सांगा, कोरडी वाळू आणि त्यातली झाडं, आणि वडिलांना विचारायला सांगा की आण्णा/दादा/बापू, काय म्हणता तुम्ही त्यांना, ही झाडं कशावर जगत असतील हो. पुढचं ते स्वतःच विचारतील.

प्रश्न (बीडहून एक वाचक) : आम्हाला परदेश वगैरे जमणार नाही. आई ६६ वर्षांची, वडील गेल्यापासून घराबाहेर पडत नाही. मराठवाड्यात एका दिवसात डोंगर, घळ, पाणी असं काही दाखवता येईल का? पायऱ्या जास्त नकोत.

उत्तर : ताई, तुम्ही तर बालाघाटाच्या अंगणातच राहता. गाडीने सकाळी आधी कपिलधार करा, बीडहून वीसेक किलोमीटर, मांजरसुंब्याकडे. मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, तेव्हा मात्र जाऊ नका, आईला गर्दीचा त्रास होईल. एरवी मंदिरात शांत बसता येतं आणि धबधब्याचा आवाज कानावर असतो. माणूस गेल्यानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडणाऱ्या बाईला नुसतं "फिरायला चल" म्हटलं तर तिला ते बरं वाटत नाही, लोक काय म्हणतील हे पण डोक्यात असतं. दर्शनाला जाऊ म्हटलं की पाय निघतो. त्यात खोटं काही नाही, दर्शन पण होतंच की.

मग मांजरसुंबा, पाटोदा करत जामखेडच्या रस्त्याने सौताडा. इथे विंचरणा नदी सपाट माळावरून चालता चालता एकदम खोल दरीत पडते. गाडीतून उतरेपर्यंत अंदाजच येत नाही की पुढे जमीन संपलीय. दरीच्या तळाला रामेश्वराचं मंदिर आहे, पण त्याला भरपूर पायऱ्या आहेत, आईला उतरवू नका, उतरणं एकवेळ होतं, चढून येताना हाल होतात. वरच्या काठावरून, कठड्याच्या आत राहून, धबधबा आणि अख्खी दरी दिसते. डबा वरच खा. तुम्ही भावंडं आळीपाळीने खाली जाऊन या आणि आईसाठी रामेश्वराचा अंगारा आणा, पण एकजण आईपाशी थांबायचंच.

महिना मात्र बघून घ्या. मार्चमध्ये गेलात तर दोन्हीकडे नुसता काळा कातळ मिळेल. ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, एखादा चांगला पाऊस होऊन दोन-तीन दिवस उघडीप झाली की निघा. पाऊस चालू असताना घळीत उतरू नका, पाणी वर माळावर पडतं आणि खाली घळीत अचानक वाढतं, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी.

धाराशिवकडे माहेर-बिहेर असेल तर येडशीजवळचं रामलिंग पण बघा. डोंगराच्या कुशीत घळीत महादेवाचं मंदिर, चोहीकडे अभयारण्याची झाडी, पावसाळ्यात मंदिरामागून पाणी पडतं. जटायूची समाधी दाखवतात. माकडं फार आहेत, आईच्या हातात प्रसादाची पिशवी देऊ नका, ओढतात आणि त्यात म्हातारं माणूस पडतं.

आणि ताई, आई तिथे गेल्यावर वडिलांची आठवण काढून रडली तर तिला तिथून उठवायची घाई करू नका.

प्रश्न (हिंगोलीहून एक वाचक) : आम्ही पण भावाकडे ऑस्ट्रेलियाला चाललोय आणि त्याच डोहांवर जाणार आहोत. वडील ६४, पट्टीचे पोहणारे, आयुष्य विहिरीत सूर मारण्यात गेलं. तिथे पोहू देतात का?

उत्तर : एलरी आणि ऑर्मिस्टनला पोहायला परवानगी असते, सिम्प्सन्स गॅपला नाही. तरी गेल्या गेल्या फलक बघा, पाण्याची अवस्था वाईट असली की मनाई करतात. सूर मारायचाच नाही, पाण्याखाली दगड आणि ओंडके असतात आणि तळ दिसत नाही.

पण माझं खरं सांगणं थंडीबद्दल आहे. ते पाणी कड्याच्या सावलीत पडून असतं, खोल असतं, आणि उन्हाळ्यात सुद्धा वरचा हातभर थर कोमट आणि खाली एकदम बर्फासारखं लागतं. हिवाळ्यात तर वरपासूनच. आपल्या विहिरीचं पाणी थंडीत उलट उबदार लागतं, त्यामुळे वडिलांच्या अंगाला जी सवय आहे ती इथे कामाची नाही. अशा पाण्यात एकदम गेलं की श्वास अडकतो, छातीत धडधड वाढते, चांगल्या पोहणाऱ्याचे पण हातपाय आखडतात, आणि साठीच्या पुढच्या हृदयाला तो धक्का मोठा असतो. तिथे जीवरक्षक नसतो, फोनला रेंज नसते, दवाखाना तास-दीड तास लांब. जून ते ऑगस्टमध्ये जात असाल तर गुडघाभर पाण्यात उभं राहू द्या, तोंडावर पाणी मारू द्या, बास. ऑक्टोबरात जात असाल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर काठाकाठाने, हळूहळू अंग भिजवत, बाजूला कोणीतरी असताना. वडील ऐकणारे नसतील तर पोहायचे कपडे घरीच विसरा, मी तरी तेच केलं असतं.

प्रश्न (नांदेडहून एक वाचक) : आम्ही पण बाबांना घेऊन ऑस्ट्रेलियातल्या त्याच डोहांवर जाणार आहोत. ऑगस्टमध्ये जायचं म्हणजे श्रावण येतो, बाबा सोमवार कडक करतात. त्या दिवसाच्या प्रवासात खायचं काय? इथून काय नेता येईल?

उत्तर : सोमवार सोडून दुसरा वार मिळत असेल तर आधी ते बघा, उपाशीपोटी एवढा प्रवास आणि वर उन्हात चालणं नको. सोमवारच आला तर भगर, शेंगदाण्याची आमटी सकाळी खाऊन निघायचं, बरोबर उकडलेली रताळी, राजगिऱ्याचे लाडू, केळी. हे सगळं तिथेच विकत घेऊन तिथल्याच स्वयंपाकघरात करा. आम्ही उपवास नसताना गेलो होतो, वहिनीने पहाटे उठून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, ऑर्मिस्टनच्या बाकड्यावर आण्णांनी चार खाल्ले.

इथून न्यायचं म्हणाल तर विमानतळावर खायच्या प्रत्येक वस्तूची माहिती फॉर्मवर लिहून द्यावी लागते, त्या बाबतीत तो देश अतिशय कडक आहे, लपवलं तर मोठा दंड. खव्याची आणि दुधाची मिठाई, ताजी फळं, भाज्या नेऊच नका. आणि बाबा शेतकरी असतील तर निघायच्या आदल्या रात्री त्यांचे खिसे आणि पिशव्या एकदा तपासा. आमच्या आण्णांनी पोराच्या परसात लावायला म्हणून गावरान वालाचं आणि दोडक्याचं बी रुमालात बांधून घेतलं होतं, मला मुंबई विमानतळावर कळलं. तिथेच बाहेर एका कुंडीत त्यांनी ते स्वतःच्या हाताने पेरलं, बाटलीतलं थोडं पाणी घातलं, आणि मग आत गेले.